मासा नंतर, आधी पाणी: फ्लाय फिशिंगवर वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी फ्लाय फिशिंगच्या पुस्तकांवर थोडंसं लिहिलं होतं आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा भाग त्यांनाच दिलाय. ज्यांना हा प्रकार अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. साध्या गळाला आमिष किंवा शिसं असतं, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे गळावर पिसं, लोकर, धागा बांधून खोटा किडा केलेला असतो, तोच फ्लाय, आणि त्याला जवळजवळ वजनच नसतं, म्हणून जड लाइन, म्हणजे दोरीच, हवेत मागे-पुढे फेकायची आणि तिच्यासोबत फ्लाय जातो, यालाच कास्टिंग म्हणतात. सगळी मजा आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते.

ताई, मी अजून रॉड हातात धरलेला नाही, वर्षभर नुसतं वाचतोय. मित्र म्हणतात पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतं का. माझं चुकतंय का? आणि जुनी पुस्तकं वाचू की नवी?

अजिबात चुकत नाहीये. कास्टिंग वाचून येत नाही हे मित्रांचं बरोबर आहे, त्याला मनगट आणि कोपर लागतो आणि कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. पण कास्टिंग हा या छंदाचा एक भाग झाला. पाण्यात काय चाललंय, मासा कुठे थांबतो, का थांबतो, आत्ता काय खातोय हे सगळं बघायला शिकावं लागतं, आणि त्यासाठी दुसऱ्याने काय पाहिलं ते वाचणं फार म्हणजे फार उपयोगी पडतं.

जुन्याचं म्हणाल तर हे किती जुनं आहे बघा. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, ते गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याची दोन पिसं लावायचे. खरा किडाच का नाही लावायचा, तर माणसाचा हात लागला की त्याचा रंग जातो आणि पंख चुरगळतात, मग मासा त्याला विचारत नाही. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी नदीकाठी बसून मासा काय नाकारतो हे नीट बघितलं होतं! मला तर हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

मग १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा ग्रंथ छापला गेला, त्यात बारा फ्लाय दिलेत, कुठला कुठल्या महिन्यात वापरायचा त्यासकट. आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँग्लर' १६५३ चं. ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्यात, पण खरं सांगते, वॉल्टनचा जीव आमिषाच्या मासेमारीत होता. फ्लायचं खरं शिक्षण हवं असेल तर १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने जो भाग जोडला तो वाचा, त्यात स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या ट्राउट आणि ग्रेलिंग या माशांबद्दल आहे आणि तो माणूस इंग्लंडमधल्या डव्ह नदीच्या काठी राहून लिहितोय हे वाक्यावाक्यात कळतं. डव्हच्या काठी त्याने १६७४ मध्ये बांधलेलं मासेमारीचं छोटं दगडी घर अजून उभं आहे.

पण सुरुवात तिथून करू नका. भाषा जुनी आहे, कंटाळून सोडून द्याल. आधी पाण्यातल्या किड्यांवरचं चांगल्या चित्रांचं एखादं नवं पुस्तक घ्या, मग नॉर्मन मॅक्लीनचं १९७६ चं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' वाचा. निवृत्त झालेला इंग्रजीचा प्राध्यापक, वय सत्तरीच्या पुढे, आणि ते त्याचं ललित लेखनाचं पहिलं पुस्तक. मोंटानातल्या ब्लॅकफूट नदीवरच्या दोन भावांची गोष्ट आहे, १९९२ मध्ये त्यावर सिनेमा आला आणि तो बघून कितीतरी लोक पहिल्यांदा नदीत उतरले. तंत्र त्यात थोडंच आहे. पण आपल्या माणसावर जीव असून त्याला वाचवता येत नाही, हे त्यात जसं आलंय तसं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. तेवढं झालं की कॉटनकडे या, तोवर तुम्हाला तो शेजारचा माणूस वाटायला लागेल.

रॉडवर ५ वेट लिहिलंय, टिपेटच्या रिळावर ५ एक्स. दोन्ही एकच का?

नाही, काहीही संबंध नाही. वेट म्हणजे लाइनचं वजन, लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं. ५ नंबरच्या लाइनचे हे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि रॉड त्या लाइनला जुळणारा घ्यायचा. एक्स म्हणजे टिपेटची जाडी, टिपेट म्हणजे फ्लायला बांधतो तो शेवटचा बारीक धागा. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, जे उरतं तेवढे हजारांश इंच. म्हणजे ५ एक्स झाला ६ हजारांश इंच, मिलिमीटरमध्ये ०.१५ च्या आसपास. वेटचा आकडा वाढला की लाइन जड होते, एक्सचा वाढला की धागा बारीक होतो, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो.

निम्फ, इमर्जर, डन, स्पिनर ही नावं पाठ करून थकले. सगळा एकच किडा आहे तर चार नावं कशाला? कॉलेजमध्ये शिकते, परीक्षेसारखं वाटायला लागलंय.

अगं, पाठ करू नकोस, एकदा बघ. मी पण नावांपाशीच अडकले होते. एका संध्याकाळी काठावर बसले होते, मासा लागत नव्हता म्हणून रॉड बाजूला ठेवला होता, आणि शर्टाच्या बाहीवर एक मेफ्लाय येऊन बसली, ही चार नावं ज्याची तो नदीतला खरा किडा. राखाडी अंग, पंख धुरकट, काचेवर वाफ धरल्यासारखे. हा डन, हे मला पुस्तकावरून माहीत होतं. मी हात हलवला नाही. थोड्या वेळाने तिच्या पाठीवर उभी चीर पडली, एवढीशी, आणि त्यातून आधी पाठ वर आली, मग डोकं, मग पुढचे पाय, आणि मग पंख, जुन्या पंखांच्या आतून नवे पंख, मोज्यातून पाय काढावा तसे ओढून काढले तिने. शेवटी शेपटीचे तंतू आले, आधीपेक्षा कितीतरी लांब. बाहीवर एक पोकळ साल राहिली आणि तिच्याशेजारी चकचकीत, आरपार दिसणाऱ्या पंखांचा स्पिनर. मग ती उडून गेली, मी साल बघत बसले.

पंख फुटून उडायला लागल्यावर पुन्हा कात टाकणारे आज जगात फक्त हेच किडे आहेत. आता क्रम बघ. वर्षभर किंवा त्याच्या आसपास पाण्याखाली दगडांमध्ये निम्फ म्हणून राहायचं, मग वर येऊन पृष्ठभागाशी कात फोडायची, त्या धडपडीतला तो इमर्जर, पंख उघडून पाण्यावर तरंगतो तो डन, झाडावर जाऊन दुसरी कात टाकली की स्पिनर. पूर्ण वाढलेल्या किड्याला खायला तोंडच धड नसतं, जोडी जमवायची, मादीने पाण्यात अंडी सोडायची आणि पंख पसरून पाण्यावर पडायचं, बस. माशाच्या दृष्टीने या चार अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एक तळाशी वाहत जाते, एक पृष्ठभागाखाली अडकलेली असते, एक कधीही उडून जाईल म्हणून घाईने घ्यावी लागते, आणि एक मेलेली, निवांत उचलता येते. म्हणून पाण्यावरचा भोवरा बघून, मासा कसा उठतोय ते बघून, चारातलं कुठलं चाललंय ते ओळखायचं. नावं त्यासाठी आहेत. एकदा बघितलंस की परीक्षा वगैरे वाटणार नाही.

आमच्या ग्रुपमधले ज्येष्ठ म्हणतात ड्राय फ्लाय हीच खरी कला, निम्फने मासा काढणं म्हणजे फसवणूक. मला निम्फनेच मासे मिळतात. आता त्यांच्यासमोर सांगायची पण लाज वाटते.

लाज वाटून घेऊ नका. हा वाद तुमच्या ग्रुपच्या आधीपासूनचा आहे, शंभर वर्षांहून जुना. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ मध्ये तरंगणाऱ्या फ्लायवर, म्हणजेच ड्राय फ्लायवर, पुस्तक लिहिलं आणि दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नितळ नद्यांवर हळूहळू असा दंडकच पडला की वर उठणारा मासा दिसला पाहिजे, त्यालाच फेकायचं आणि फ्लाय तरंगताच हवा. हॅलफर्डने नुसता आग्रह धरला नव्हता, किडे गोळा करून, रंग जुळवून फार मोठं काम केलं, ते नाकारता येणार नाही. मग आले जी. ई. एम. स्क्यूज, पेशाने वकील, इचन नदीवर मासेमारी करायचे. त्यांनी पकडलेल्या माशाच्या पोटात काय आहे ते बारीक चमच्याने काढून पाण्यात पसरून बघितलं, तर निम्फच निम्फ. मासा वर उठल्यासारखा दिसतो तेव्हासुद्धा खूपदा तो पृष्ठभागाच्या जरा खालचं खात असतो. १९१० मध्ये त्यांनी ते पुस्तकात मांडलं आणि वाद पेटला तो पेटलाच, १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या विषयावर रीतसर चर्चा ठेवावी लागली होती, तेव्हा स्क्यूज ऐंशीला टेकले होते.

माझं मत स्क्यूजच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण मासे जास्त मिळतात हे नाही. त्यांनी आधी काय चाललंय ते बघितलं आणि मग फ्लाय बांधला. पुढे फ्रँक सॉयर, एव्हन नदीचे राखणदार, यांनी फेझंट टेल निम्फ बांधला. तो एकदा स्वतः बांधून बघा. त्यात धागाच नाही, केसासारखी बारीक लालसर तांब्याची तार, तीच फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू पकडून ठेवते, तीच फ्लायला वजन देते आणि तीच अधूनमधून चमकते. चार-पाच तंतू शेपटीला सोडायचे, उरलेले तारेवर पिळून पुढे गुंडाळायचे, छातीशी फुगीर करायचं, झालं. याहून कमी सामानात इतका खरा किडा मी तरी पाहिलेला नाही, आणि यात फसवणूक कुठे आहे ते तुमच्या ज्येष्ठांनी मला सांगावं. पण एक करा, त्यांच्यासोबत एक संध्याकाळ फक्त ड्राय फ्लायवर काढा. मासा वर येताना दिसणं, त्याने तोंड उघडणं, आणि आपण श्वास धरून थांबणं, त्यांचा जीव त्यात का अडकलाय ते कळेल.

वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) आणि बूट प्रत्येक वेळी धुवून वाळवायचे हे खरंच गरजेचं आहे का?

हो. प्रत्येक वेळी. डिडिमो नावाचं शेवाळ दगडांवर जाड गोधडीसारखं पसरतं, आणि ते एका नदीतून दुसरीत ओल्या सामानावरून जातं. न्यूझीलंडमध्ये ते २००४ मध्ये सापडलं आणि २००८ मध्ये तिथे फेल्टच्या तळव्याच्या बुटांवर बंदीच आली, कारण फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाबलेलं जाड कापड, लवकर वाळत नाही. बघा, धुवा, वाळवा, एवढंच.

पकडून सोडून देतो म्हणजे माशाला काहीच होत नाही असं समजून मी दहा वर्षं हा छंद केला. परवा सोडलेला ट्राउट उलटा होऊन वाहत गेला. तेव्हापासून मन लागत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मन लागत नाहीये कारण तुम्हाला त्या माशाचं काहीतरी वाटतं, आणि ते वाटणं ठेवा, ते घालवू नका. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही हे आपण सगळ्यांनी मान्य करायला हवं. पण किती जगतात हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याचं तापमान. ट्राउट थंड पाण्याचा मासा, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि झुंज देऊन दमलेल्या माशाला नेमका तोच हवा असतो. २० अंश सेल्सियसच्या जवळ गेलं की थांबायचं, मासे कितीही उठत असले तरी. थर्मामीटर दोरीला बांधून ठेवा, मी पाण्यात पाय टाकायच्या आधी तोच टाकते. तुमचा तो मासा कुठल्या महिन्यातला, दुपारचा होता का, हे आठवून बघा. दुसरं म्हणजे झुंज लांबवू नका, फार बारीक टिपेट लावून माशाला दहा मिनिटं खेळवण्यात कौतुक काही नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका म्हणजे सहज सुटतो. हात ओले केल्याशिवाय माशाला लावू नका, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगापासूनचं संरक्षण असतं. जाळी रबराची घ्या. फोटोसाठी वर धरायचाच असेल तर तुमचा श्वास धरा आणि तो सुटायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून सावकाश धरा, तो स्वतः शेपटी मारून हातातून जाईपर्यंत.

आणि काही दिवस नुसतं बघायला गेलात, रॉड न घेता, तरी चालेल. ती पण मासेमारीच आहे असं मी मानते.

जुन्या पद्धतीचे सामन (सॅल्मन) माशासाठीचे फ्लाय बांधायला शिकतेय. कृतीत अशा पक्ष्यांची पिसं लिहिलीत की जे आता दुर्मिळ आहेत. कुणीतरी देऊ करतंय, घेऊ का? आणि दुसरं, आमच्याकडे बांधणारी मी एकटीच बाई आहे, जरा परकं वाटतं.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, पिसांचे कागदपत्र नसतील तर घेऊ नका. व्हिक्टोरियन काळात जगभरातून पिसं येत होती, तेव्हाच्या कृती तशा लिहिल्या गेल्या. २००९ मध्ये काय झालं माहितीये ना? इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, सामन फ्लाय बांधणाऱ्यांना विकण्यासाठी. त्यातले काही पक्षी एकोणिसाव्या शतकातले निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतः गोळा केलेले, पायाला चिठ्ठ्या बांधलेले, कुठे आणि कधी मिळाला ते लिहिलेल्या. त्या चिठ्ठ्या काढून टाकल्या की त्या पक्ष्याचा अभ्यासासाठी फारसा उपयोग उरत नाही. सुंदर फ्लाय बांधण्याच्या हौसेपायी ते झालं, म्हणून मला हे प्रकरण फार लागलं. रंगवलेली कोंबडीची, टर्कीची, बदकाची पिसं घेऊन तोच फ्लाय बांधता येतो, आणि सामन माशाला तसाही फरक पडत नाही, नदीत परत आलेला सामन खायचंच थांबवतो.

दुसऱ्याबद्दल. परकं वाटून घेऊ नका, ही जागा तुमचीच आहे. तो १४९६ चा ग्रंथ परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स या मठातल्या ख्रिस्ती जोगिणीच्या नावावर आहे, अभ्यासकांना शंका आहे हे खरं, पण पाचशे वर्षं लोकांनी या विद्येची सुरुवात एका बाईच्या नावाने सांगितली हे काय कमी आहे. मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी १८९२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लायवर जाडजूड पुस्तक केलं, ठिकठिकाणच्या मासेमाऱ्यांना पत्रं लिहून, कोण कुठे काय वापरतं ते विचारून, आणि त्यामुळे फ्लायच्या नावांचा गोंधळ कितीतरी निस्तरला. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड समुद्राकाठच्या छोट्या घरात बसून आयुष्यभर सामन फ्लाय बांधत राहिल्या, १९७१ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. त्या स्वतः मासेमारी करत नसत. तुमच्या टेबलाशी बसल्यावर त्यांचं नाव आठवा. शिवाय १९९६ पासून अमेरिकेत 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था स्तनांच्या कर्करोगातून जाणाऱ्या बायकांना फ्लाय फिशिंग शिकवते, कास्टिंगची ती सावकाश हालचाल ऑपरेशननंतरच्या हाताला चांगली असते, आणि नदीत उभं राहून शेजारणीशी बोलणं मनाला.

मी मित्राला माझी जागा दाखवली, त्याने आणखी आठ जणांना. आता तिथे उभं राहायला जागा नाही. बोलणं बंद केलंय. माझं बरोबर ना?

राग बरोबर आहे, बोलणं बंद करणं मला पटत नाही. आपल्यात एक न लिहिलेला नियम आहे, दाखवलेली जागा ही उसनी दिलेली वस्तू असते, ती दाखवणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पण हा नियम त्याला कुणी सांगितला होता का? तुम्ही सांगितला होता का? बहुतेक वेळा कुणीच सांगितलेला नसतो. छोटा ओढा असेल तर आठ माणसं म्हणजे खरंच नासाडी, ते त्याला स्पष्ट सांगा. मोठी नदी असेल तर मात्र थोडा विचार करा, कारण ज्या नदीवर कुणीच जात नाही तिच्यावर काही संकट आलं तर तिच्यासाठी बोलायलाही कुणी नसतं. १९५९ मध्ये मिशिगनमध्ये ओसेबल नदीच्या काठी काही मासेमारी करणारे एकत्र बसले आणि ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली, आज ती नद्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थांमध्ये आहे. ते पण कुणीतरी कुणाला तरी आपली नदी दाखवली म्हणूनच एकत्र आले असणार ना. तंत्र सगळ्यांना शिकवा, फ्लायची कृती मागेल त्याला द्या, जागा मात्र माणूस बघून, आणि देताना नियम सांगून.

डायरी ठेवा असं तुम्ही सारखं सांगता. नेमकं लिहू काय? मासा मिळाला नाही त्या दिवशी लिहायला काहीच नसतं.

त्याच दिवशी सगळ्यात जास्त असतं! तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पाणी चढतंय की उतरतंय, वारा. काठचा एखादा दगड उलटून बघा, त्याच्या खालच्या बाजूला काय चिकटलंय, किती, कुठल्या रंगाचं, मग तो होता तसाच परत ठेवा. कोळ्याच्या जाळ्यात बघा, काल रात्री काय उडत होतं ते तिथे आयतं मिळतं. काय बांधलं होतं आणि कुठे नाकारलं गेलं. माझ्या वहीत एका जागेबद्दल सलग सहा वेळा 'काही नाही' लिहिलंय, आणि प्रत्येकाच्या पुढे तापमान आहे, आणि सातव्या वेळी ते तीन अंशांनी कमी होतं.